ऑपरेशन वजन कमी करण्यासाठी, मग त्याआधीच वजन कमी करायला का सांगतात?

इन्स्टाग्रामवर थोडा वेळ स्क्रोल केलं तरी डॉ. नाऊ भेटतातच. पूर्ण नाव युनान नाऊझरदान, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातले सर्जन. 'माय ६००-एलबी लाइफ' हा त्यांचा टीव्ही शो २०१२ साली सुरू झाला आणि आता त्याचे तुकडे रील्स होऊन आपल्या फोनमध्ये फिरतायत. ६०० पाउंड म्हणजे साधारण २७२ किलो. एवढ्या वजनाचा माणूस कसाबसा गाडीत बसून, लांबचा प्रवास करून डॉक्टरांकडे येतो आणि ऑपरेशन करा म्हणतो. डॉक्टर त्याच्या हातात १२०० कॅलरीच्या डाएटचा कागद ठेवतात. आधी वजन कमी करून दाखव, मग ऑपरेशनचं बघू.

बघणाऱ्याला दर वेळी एकच प्रश्न पडतो. स्वतःहून वजन कमी करता येत असतं, तर हा माणूस इथे आलाच कशाला असता?

हाच प्रश्न पुण्या-मुंबईतल्या बॅरिअॅट्रिक सर्जनच्या ओपीडीतून बाहेर पडणाऱ्यांनाही पडतो. दहा वर्षं डाएट, जिम, काढे, चूर्णं सगळं करून झालेलं असतं. शेवटचा उपाय म्हणून हिंमत करून आत जावं, तर तिथेही ऐकायला मिळतं की आधी आठ-दहा किलो कमी करा. काहींना वाटतं डॉक्टरही आपल्या नातेवाइकांसारखेच टोमणा मारतायत. असे लोक मग परत जातच नाहीत.

पण यात एक गडबड आहे. 'आधी वजन कमी करा' हे वाक्य एकच असलं, तरी ते बोलणारे तीन वेगवेगळे असू शकतात. ऑपरेशन करणारा सर्जन, हॉस्पिटलची टीम आणि इन्शुरन्स कंपनी. तिघांची कारणं वेगळी आहेत. एकाच्या कारणामागे पक्कं शास्त्र आहे, दुसऱ्याच्या कारणावर वाद आहे आणि तिसऱ्याच्या कारणावर तर डॉक्टरांच्या संघटनेनेच जाहीर टीका केलेली आहे.

सर्जनची अडचण पोटात नसते, लिव्हरमध्ये असते

आजकाल ही ऑपरेशन्स दुर्बिणीने होतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा आत, बाकीच्यांतून अवजारं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी असेल तर जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग किंवा त्याहून जास्त कापून काढतात. बायपास असेल तर जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमध्ये सर्जनला जठराच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोचावं लागतं, जिथे अन्ननलिका जठराला मिळते.

आणि नेमकं त्याच जागेवर लिव्हरचा डावा भाग पसरलेला असतो.

सडपातळ माणसाचं लिव्हर मऊ, पातळ कडेचं असतं. आत एक वाकडी धातूची सळई घालून ते अलगद वर उचलून धरता येतं. पण वजन खूप वाढलेल्या बहुतेक लोकांना फॅटी लिव्हर असतं. तेलकट, जड, फुगलेलं आणि ठिसूळ. उचलायला गेलं तर चिरतं आणि रक्त येतं. रक्त आलं की कॅमेऱ्यातलं चित्र लाल होतं. जागा कमी, दिसतंय अर्धवट आणि टाके घालायचेत नेमके त्याच कोपऱ्यात. क्वचित वेळा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. तेही धोक्याचं वाटलं तर सर्जन छिद्रं शिवून ऑपरेशन तिथेच थांबवतो.

म्हणून ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कडक डाएट देतात. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, त्यात पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि प्रोटीन भरपूर. बऱ्याच ठिकाणी याला लिव्हर श्रिंकेज डाएट म्हणतात, म्हणजे लिव्हर आकसवणारा आहार.

दोन आठवड्यांत लिव्हर कसं काय आकसतं? तर आपण खाल्लेली जास्तीची साखर लिव्हर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी हा साठा मोडतं, पाणी सुटतं आणि मग लिव्हरमधली चरबीही वापरली जाते. बाहेरून माणूस तसाच दिसतो, पँटही तीच बसते, पण आत लिव्हर मऊ आणि लहान झालेलं असतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. ३२ जणांना १२ आठवडे अत्यंत कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं आणि स्कॅन काढत गेले. लिव्हरचं आकारमान सरासरी जवळपास १९ टक्क्यांनी घटलं आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. डाएट महिनोन्महिने न चालवता दोन आठवड्यांचं का ठेवतात, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे सापडतं.

पुढे २०११ मध्ये बायपासच्या जवळपास ३०० रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना १४ दिवसांचं डाएट, निम्म्यांना काहीच नाही. डाएट केलेल्यांचं ऑपरेशन सर्जनना सोपं वाटलं आणि पहिल्या ३० दिवसांत त्या गटात ८ गुंतागुंती झाल्या, तर दुसऱ्या गटात १८.

थोडक्यात, सर्जन जेव्हा 'दोन आठवडे हे पाळा' म्हणतो, तेव्हा तो तुमची इच्छाशक्ती तपासत नसतो. त्याला हात घालायला जागा हवी असते.

मग दोन आठवडे खायचं काय?

इथे मराठी घरात एक घोटाळा हमखास होतो. कमी खायचंय ना, मग उपवास करू! आता आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू. 'एकादशी दुप्पट खाशी' हे उगाच म्हणत नाहीत. यात जवळजवळ सगळं पिष्ट आणि साखर, आणि प्रोटीन नावाला. लिव्हरच्या दृष्टीने उपवासाचं ताट हे डाएटच्या बरोबर उलटं आहे.

डाएटिशियन जे देतात ते वेगळं असतं. प्रोटीन पावडरचे शेक, ताक, डाळीचं पातळ पाणी, भाज्यांचं सूप, अंड्याचा पांढरा भाग, थोडं पनीर, खाणाऱ्यांना चिकनचं सूप. भात-पोळी-भाकरी जवळपास बंद. फळांचा रसही नाही, कारण तो साखरच आहे. नारळपाणी आणि उसाचा रस 'नैसर्गिक' आहे म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं, पण या दोन आठवड्यांत तेही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. प्रोटीनवर एवढा जोर का, तर ते कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं, आणि ऑपरेशननंतर जखम भरायला, उठून चालायला हेच स्नायू लागतात.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंडाला वास येतो, पोट साफ होत नाही. नंतर बऱ्याच जणांची भूक मंदावते.

डायबेटिस असलेल्यांसाठी मात्र हे दोन आठवडे साधे नाहीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या नेहमीच्याच डोसमध्ये चालू ठेवल्या आणि खाणं निम्म्यावर आणलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या भारतात आता स्वस्तात मिळतात आणि खूप जण घेतात. त्या चालू असताना पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले तर रक्तात आम्ल वाढून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. त्यामुळे ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि माणूस गाफील राहतो. ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी या गोळ्या बंद करतात. कोणती गोळी कधी थांबवायची हे डाएटचा कागद हातात घेतानाच विचारून घ्यायला हवं. यूट्यूबवरचा 'लिव्हर डिटॉक्स' बघून स्वतःच्या मनाने हे डाएट कुणीच करू नये, त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

मुंबईने पाहिलेली टोकाची केस

काही रुग्णांच्या बाबतीत दोन आठवडे आणि चार-पाच किलो पुरेसे नसतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईतलंच आहे.

११ फेब्रुवारी २०१७ ला इजिप्तहून इमान अहमद नावाची तरुणी मालवाहू विमानाने मुंबईत आली. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. कित्येक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. व्हिसासाठी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवरून मदत केली होती. चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये तिला पलंगासकट क्रेनने उचलून आत न्यावं लागलं, ती दृश्यं सगळ्या चॅनेल्सवर होती.

डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या टीमने तिला आल्या आल्या ऑपरेशनला घेतलं नाही. आधी प्रोटीन जास्त असलेला द्रव आहार, औषधं आणि फिजिओथेरपी. ऑपरेशन झालं ७ मार्चला आणि तोपर्यंत तिचं वजन शंभर किलोंहून जास्त उतरल्याचं हॉस्पिटलने सांगितलं होतं.

महिन्याभरात शंभर किलो! हा आकडा तेव्हा खूप व्हायरल झाला आणि त्यातून गैरसमजही झाला. ही सगळी चरबी नव्हती. तिच्या शरीरात पाणी मोठ्या प्रमाणावर साठलेलं होतं आणि उपचारांनी ते आधी उतरलं. एवढ्या वजनाच्या माणसाला भूल देणं म्हणजे हृदय आणि फुप्फुसांवर मोठा ताण असतो. तो उतरवणं हे त्या वजन घटवण्यामागचं मुख्य काम होतं. पुढे तिला अबू धाबीला हलवण्यात आलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिथेच तिचं निधन झालं.

डॉ. नाऊंच्या शोमध्ये दिसतं तेही बरंचसं याच गटातलं. अडीचशे-तीनशे किलोच्या माणसाला टेबलावर घेण्याआधी थोडं सुरक्षित करायचं. पण शो शेवटी शो आहे. कॅमेऱ्यासमोर तो सगळा प्रकार 'तू लायक आहेस का' अशा परीक्षेसारखा दिसतो.

पण खरंच परीक्षा घेणारेही आहेत

काही हॉस्पिटल्स, विशेषतः परदेशातली, ऑपरेशनआधी वजनाच्या ५ ते १० टक्के घट मागतात. १२० किलोच्या माणसाला ६ ते १२ किलो. त्यामागचा विचार असा की जो आधी शिस्त पाळतो, तो ऑपरेशननंतरही पाळेल.

ऐकायला पटतं. पुराव्याकडे बघितलं तर चित्र संमिश्र आहे. स्वीडनमधल्या २२ हजारांहून जास्त बायपास रुग्णांच्या नोंदींमध्ये, आधी वजन कमी केलेल्यांना गुंतागुंती थोड्या कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे फायदा आहे. पण आधी वजन कमी करू न शकणारा माणूस पुढे काही वर्षांनी अपयशीच ठरतो, असं काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि ज्याचे गुडघे गेलेत, ज्याला झोपेत श्वास अडकून रात्रभर जाग येते, ज्याचं इन्सुलिनच वजन वाढवतंय, तो या परीक्षेत मागे पडणार हे उघड आहे. ज्याला ऑपरेशनची गरज सगळ्यात जास्त, तोच आधी गळतो.

अमेरिकेत हे इन्शुरन्स कंपन्यांनी नियमच करून टाकलं होतं. तीन ते सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली डाएट करा, दर महिन्याला हजेरी लावा, एक महिना चुकला तर अनेकदा पुन्हा पहिल्यापासून. २०१६ मध्ये तिथल्या बॅरिअॅट्रिक सर्जनच्या संघटनेने याविरुद्ध निवेदन काढलं. या सक्तीला शास्त्रीय आधार नाही, ती मनमानी आणि भेदभाव करणारी आहे, तिच्यामुळे रुग्ण मधेच सोडून जातात आणि आजार वाढतात, ती बंद करा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. डॉक्टरांची संघटना सहसा इतकी कडक भाषा वापरत नाही.

आपल्याकडे पेच वेगळाच

भारतात सहा महिन्यांच्या हजेरीचा असा नियम नाही. पण इथे आकड्यांचा घोळ आहे, आणि तो थेट खिशाला लागतो.

आशियाई लोकांना कमी वजनावरही डायबेटिस आणि हृदयरोग गाठतात. म्हणून भारतातले सर्जन बरीच वर्षं बीएमआय ३७.५, किंवा डायबेटिस-बीपीसारखे आजार सोबत असतील तर ३२.५, ही पात्रतेची रेषा मानत आलेत. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तर आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली.

इन्शुरन्सची रेषा मात्र वर आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार वजनाच्या ऑपरेशनचा क्लेम कधी नाकारता येत नाही, तर वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा. बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर ठरावीक गंभीर आजारांपैकी एक लागतो : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, कोरोनरी हृदयरोग, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस. आणि वजन कमी करण्याचे कमी त्रासाचे उपाय आधी करून ते अपयशी ठरलेले असले पाहिजेत.

आता ५ फूट ३ इंच उंचीची एक बाई समजा. वजन ९२ किलो, डायबेटिस आटोक्यात नाही. बीएमआय ३५.९. सर्जनच्या हिशेबाने पात्र, इन्शुरन्सच्या हिशेबानेही. सर्जन दोन आठवड्यांचं डाएट देतो, ती ते मन लावून पाळते, ४ किलो उतरतात. ॲडमिट होताना वजन ८८, बीएमआय ३४.४. फाइलवर हाच एक आकडा असेल तर क्लेम अडकायला कारण मिळालं.

म्हणजे कंपनीला पुरावा हवा की डाएट फसलं, आणि सर्जनला हवं की डाएट जमावं. बिचारीने नक्की काय करायचं?

सोपा उपाय कागदाचा आहे. डाएट सुरू होण्याआधी उंची, वजन, बीएमआय तारखेसह डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने नोंदवून घ्यायचं. कॅशलेसची मंजुरी त्याच आकड्यांवर मागायची. नंतर उतरलेलं वजन हे सर्जनने सांगितलेल्या तयारीचा भाग आहे, असं फाइलमध्ये लिहून घ्यायचं. आणि कोणत्या तारखेचं वजन धरणार, हे कंपनीला ईमेलवर विचारायचं, फोनवर नाही. जुन्या डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, आधी घेतलेल्या औषधांची प्रिस्क्रिप्शन्सही जपून ठेवलेली बरी. इतकी वर्षं केलेले फसलेले प्रयत्न निदान इथे तरी कामाला येतात.

काही जण याच्या उलटही करतात. बीएमआय ३४ आहे, ३५ लागतो, मग महिनाभर खाऊन वजन वाढवायचं. यात लिव्हरमध्ये नेमकी तीच चरबी भरते जी सर्जनला काढायची असते. हे कुणी सुचवलं तर, मग तो एजंट असो की मेहुणा, ऐकू नका.

इतकं उतरतं, तर ऑपरेशन कशाला?

सुरुवातीचा प्रश्न शिल्लक आहेच. दोन आठवड्यांत पाच किलो गेले, तर असंच चालू ठेवलं की झालं, असं घरचे म्हणतातच.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५० जणांना १० आठवडे अत्यंत कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं. पण भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारी हार्मोन्स घटली, आणि वर्षभरानंतरही ती मूळ जागी आली नव्हती. शरीराला वाटत राहतं की दुष्काळ पडलाय आणि ते गेलेलं वजन परत मिळवायच्या मागे लागतं. कमी काळ वजन घटवणं आणि ते वर्षानुवर्षं खाली ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ऑपरेशनने जठर लहान होतंच, पण भुकेची ही हार्मोन्सही बदलतात. स्लीव्हमध्ये तर घ्रेलिन तयार करणारा जठराचा मोठा भागच जातो.

मार्च २०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं आली, तेव्हापासून ऑपरेशनआधीचं वजन त्यांनी उतरवता येईल का, हेही रुग्ण विचारू लागलेत. काही सर्जन तशी वापरतातही. फक्त या औषधांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे सांगावंच लागतं.

एक गोष्ट मात्र ना डाएटच्या कागदावर असते, ना इन्शुरन्सच्या. ऑपरेशनची तारीख ठरली की घरात शेवटच्या जेवणांची रांग लागते. मिसळ एकदा, बिर्याणी एकदा, आईच्या हातची पुरणपोळी तर हवीच, कारण पुढे असं पोटभर कधी जमणार नाही. हे अगदी माणसासारखं आहे आणि सर्जनना ते माहीतही असतं. ही रांग डाएट सुरू होण्याआधी संपली तर काही बिघडत नाही. त्या दोन आठवड्यांत घसरलं, तर ॲडमिट होण्याआधी तसं सांगून टाकायचं. डॉक्टर थोडे कुरकुरतील, आणि तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे जाईल.